घड्याळ थांबवा, मग बग शोधा: ब्राउझर इंजिनाच्या अ‍ॅनिमेशन कोडात नव्याने येणाऱ्यांसाठी

अ‍ॅनिमेशनचा बग रिपोर्ट साधारण असा असतो: ‘डबा उजवीकडे सरकतो, शेवटी क्षणभर मूळ जागी दिसतो आणि मग परत योग्य जागी येतो.’ सोबत एक व्हिडिओ, तोही स्क्रीनसमोर मोबाइल धरून काढलेला. तुमच्या मशीनवर दहा वेळा पान उघडलं तर आठ वेळा काहीच दिसत नाही. नववीला काहीतरी चमकून गेल्यासारखं वाटतं, पण खात्री नसते.

हाच डबा घेऊन पुढे जाऊ. ब्लिंक (क्रोमियम आणि क्रोम), गेको (फायरफॉक्स) किंवा वेबकिट (सफारी), यांपैकी कुठल्याही इंजिनात अ‍ॅनिमेशनचं काम करायचं ठरवलंत तर पहिल्या काही महिन्यांत तुम्हाला असा एक तरी डबा भेटणार. माझ्या अनुभवात या बगांची मुळं दोनच जागी सापडतात: वेळेचा हिशेब काठावर चुकलेला असतो, नाहीतर दोन घड्याळांचं आपसात जुळत नसतं. गाठ दोन्हींकडे वेळेशीच, म्हणून कामाची रीतही तशीच ठेवायची.

पहिली पायरी: बिल्ड लावा आणि नकाशा बघून घ्या

क्रोमियममधलं ब्लिंक 2013 मध्ये वेबकिटपासून वेगळं झालं, त्यामुळे दोन्हींच्या जुन्या कोडात ओळखीच्या खुणा दिसतील. ब्लिंकमध्ये दोन फोल्डर लक्षात ठेवा. रेंडररच्या ‘कोअर’खालचं ‘अ‍ॅनिमेशन’ हे मुख्य थ्रेडचं काम बघतं आणि ‘सीसी’खालचं ‘अ‍ॅनिमेशन’ हे कंपोझिटरचं, म्हणजे पानाचे तयार थर जोडून पडद्यावर आणणाऱ्या वेगळ्या थ्रेडचं. गेकोत ‘डॉम’खालच्या ‘अ‍ॅनिमेशन’पासून सुरुवात करा. तिथे किमतींचं इंटरपोलेशन (दोन टोकांमधल्या किमती काढणं) मात्र रस्टमध्ये लिहिलेल्या स्टाइल सिस्टममध्ये आहे. ती सर्वो प्रकल्पातून आली आणि 2017 मध्ये फायरफॉक्स 57 सोबत लोकांपर्यंत पोहोचली. वेबकिटमध्ये ‘वेबकोअर’खाली ‘अ‍ॅनिमेशन’ नावाचाच फोल्डर आहे.

पहिलं बिल्ड काही तास खातं. पूर्ण डीबग बिल्ड करू नका, ते इतकं रांगतं की अ‍ॅनिमेशनचं वागणंच बदलून जातं. रिलीज बिल्ड घ्या, पण असर्शन (कोडातली गृहीतकं तपासणाऱ्या ओळी) चालू ठेवा; क्रोमियममध्ये त्यांना डीचेक म्हणतात. चुकीच्या अवस्थेत गेलेलं अ‍ॅनिमेशन डोळ्यांना कळायच्या आधी डीचेकला कळतं. बिल्ड चालू असताना पुढची पायरी करा.

दुसरी पायरी: स्पेसिफिकेशन वाचा, पण कागद-पेन घेऊन

डब्ल्यूथ्रीसीचं ‘वेब अ‍ॅनिमेशन्स’ स्पेसिफिकेशन पहिल्या वाचनात कोरडं वाटतं. तरी वाचा, कारण इंजिनातली फंक्शनं जवळजवळ त्याच नावांनी आणि त्याच क्रमाने लिहिलेली असतात. सीएसएस अ‍ॅनिमेशन, सीएसएस ट्रान्झिशन आणि स्क्रिप्टमधून केलेलं ‘अ‍ॅनिमेट’ हे तिन्ही आतून याच एका यंत्रावर चालतात.

यंत्र म्हणजे वेळेची साखळी. टाइमलाइनच्या वेळेतून अ‍ॅनिमेशनची सुरुवातीची वेळ वजा करून प्लेबॅक रेटने गुणलं की स्थानिक वेळ मिळते. तिच्यातून डिले वजा केला की सक्रिय वेळ. तिला एका फेरीच्या कालावधीने भागलं की एकूण प्रगती. तिचा अपूर्णांक घेतला की चालू फेरीतली प्रगती. मग दिशा लावायची, मग ईझिंग (वेग कमी-जास्त करणारा वक्र) लावायचं, आणि शेवटी जो आकडा येतो त्यावरून कीफ्रेममधली (ठरावीक टप्प्यांना दिलेल्या किमतींमधली) किंमत ठरते.

आता आपला डबा. समजा एका फेरीला 400 मिलिसेकंद, डिले 100, फेऱ्या 3 आणि फिल ‘फॉरवर्ड्स’, म्हणजे संपल्यावरही शेवटची किंमत धरून ठेवायची. अ‍ॅनिमेशन 1300 मिलिसेकंदांना संपतं. त्या क्षणी सक्रिय वेळ 1200, एकूण प्रगती बरोबर 3. अपूर्णांक घेतला तर शून्य! म्हणजे डबा थेट मूळ जागी. स्पेसिफिकेशनने हे ओळखून खास अट घातली आहे: परिणाम सक्रिय किंवा नंतरच्या टप्प्यात असेल, सक्रिय वेळ पूर्ण सक्रिय कालावधीइतकी असेल आणि फेऱ्यांची संख्या शून्य नसेल, तर अशा शून्याच्या जागी 1 धरायचा. फेरीचा क्रमांकही 3 नाही, 2 धरायचा, कारण मोजणी शून्यापासून आहे. फेऱ्या अडीच असत्या तर हा प्रश्नच आला नसता, प्रगती मुकाट्याने 0.5 वर थांबली असती.

इथे एक गंमत आहे. समजा दिशा ‘आल्टरनेट’ (एक फेरी सुलटी, एक उलटी) आहे आणि कोडात दोन्ही चुका आहेत, म्हणजे प्रगती 1 ऐवजी 0 आणि फेरी 2 ऐवजी 3. विषम क्रमांकाची फेरी उलटी चालते, त्यामुळे 0 चा 1 होतो आणि डबा अगदी बरोबर जागी थांबतो! दोन चुका एकमेकींना झाकतात आणि टेस्ट हिरवी. म्हणून काठावरची टेस्ट लिहिताना साधी दिशा, उलटी दिशा आणि आल्टरनेट, तिन्ही घ्या.

काठाच्या अशा आणखी दोन-तीन जागा आहेत. कालावधी 0 आणि फेऱ्या अनंत असतील तर दोघांचा गुणाकार फ्लोटिंग पॉइंटमध्ये ‘नॅन’ (‘हा आकडाच नाही’) येतो, पण स्पेसिफिकेशन म्हणतं की दोघांपैकी एकही शून्य असेल तर सक्रिय कालावधी शून्य. दुसरी जागा ‘स्टेप-स्टार्ट’ ईझिंगची. डिले चालू आहे, फिल ‘बॅकवर्ड्स’ (डिलेतही पहिली किंमत लावणारं) आहे, प्रगती 0 आहे. पायरीने उडी मारायची की थांबायचं? थांबायचं, कारण सक्रिय टप्पा अजून सुरू झालेला नाही. त्यासाठी ईझिंगच्या फंक्शनला ‘आपण आधीच्या टप्प्यात आहोत’ हे वेगळं सांगावं लागतं. नुसता प्रगतीचा आकडा पाहून ते कळत नाही.

तिसरी जागा म्हणजे ‘वेळ नाही’ आणि ‘वेळ शून्य आहे’ यांतला फरक. न चालवलेल्या अ‍ॅनिमेशनची करंटटाइम नल असते, शून्य नसते. ब्लिंकच्या जुन्या कोडात नलसाठी नॅनच वापरला जायचा, आणि नॅनशी केलेली ‘लहान का’, ‘मोठा का’, ‘समान का’ यांतली प्रत्येक तुलना खोटी ठरते, त्यामुळे कोड निमूटपणे भलत्याच फांदीत शिरायचा. आता तिथे ऑप्शनल प्रकार आहेत. तुम्ही लिहिताना ‘नसेल तर शून्य धरू’ असा शॉर्टकट मारू नका. रिव्ह्यू करणारा तिथेच बोट ठेवेल.

तिसरी पायरी: घड्याळ तुमच्या हातात घ्या

चालतं अ‍ॅनिमेशन बघत बसून बग सापडत नाही. पान शक्य तितकं छोटं करा: एक डबा, एक अ‍ॅनिमेशन. स्क्रिप्टमधून ते पॉज करा आणि करंटटाइम हाताने लावा: 1299, 1300, 1301. प्रत्येक ठिकाणी संगणित स्टाइल छापा.

1300 ला चुकीची किंमत आली तर दोष हिशेबात आहे. कोडात ब्रेकपॉइंट लावा, साखळीची एकेक कडी छापा आणि कागदावरच्या आकड्यांशी ताडून बघा. हे काम अर्ध्या दिवसाचं.

तिन्ही ठिकाणी बरोबर आली, तरी चालू असताना डबा चमकतोच? मग हिशेब ठीक आहे आणि संशय दुसऱ्या, म्हणजे कंपोझिटरच्या घड्याळावर जातो. कारण पॉज केलेलं अ‍ॅनिमेशन सहसा कंपोझिटरकडे दिलंच जात नाही; पॉज केल्याने तुम्ही एक घड्याळ खेळातून काढून टाकलेलं असतं. ‘पॉज केल्यावर बग दिसत नाही’ ही म्हणूनच मोठी कामाची माहिती आहे, ती बगच्या नोंदीत लिहून ठेवा.

आणखी एक सापळा. संगणित स्टाइल विचारली की उत्तर मुख्य थ्रेड देतो, पण स्क्रीनवर त्या क्षणी कंपोझिटरने काढलेलं असतं. दोघांची उत्तरं वेगळी असू शकतात. गेकोत केवळ टेस्टसाठी ‘गेटओएमटीएस्टाइल’ नावाची सोय आहे, ती थेट कंपोझिटरची किंमत सांगते. अशी सोय नसेल तिथे चित्राशी चित्र ताडणारी टेस्ट लिहावी लागते.

चौथी पायरी: दोन घड्याळांचा संसार समजून घ्या

60 हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला सुमारे 16.7 मिलिसेकंद मिळतात, 120 हर्ट्झवर 8.3. मुख्य थ्रेडवर स्क्रिप्ट, स्टाइल, लेआउट, पेंट सगळं एकाच रांगेत असतं. पानाची स्क्रिप्ट 200 मिलिसेकंद अडून बसली की 60 हर्ट्झला बारा फ्रेम गेल्या. म्हणून ट्रान्सफॉर्म आणि ओपॅसिटीसारखी, लेआउटला धक्का न लावणारी अ‍ॅनिमेशन्स कंपोझिटर थ्रेडकडे सोपवतात. ‘लेफ्ट’ किंवा ‘विड्थ’ बदलणारं अ‍ॅनिमेशन मात्र दर फ्रेमला लेआउट मागतं, त्यामुळे ते मुख्य थ्रेडवरच राहतं.

बग असतात ते सोपवण्याच्या आणि परत घेण्याच्या क्षणी. सुरुवातीला ‘प्ले’ म्हटल्याबरोबर सुरुवातीची वेळ ठरत नाही. अ‍ॅनिमेशन पेंडिंग राहतं, पहिली फ्रेम तयार झाली की वेळ नक्की होते आणि मग ‘रेडी’ प्रॉमिस पूर्ण होतं. असं नसतं तर पहिल्या जड फ्रेमनेच अ‍ॅनिमेशनची सुरुवात गिळली असती. शेवटी याच्या उलट: कंपोझिटरच्या लेखी अ‍ॅनिमेशन संपलं, पण मुख्य थ्रेडने शेवटची किंमत अजून पाठवलेली नाही. या मधल्या फटीत कंपोझिटरने परिणाम काढून टाकला, तर एका फ्रेमपुरती जुनी किंमत दिसते. आपल्या डब्याची चमक बहुधा हीच. दुरुस्तीचं तत्त्व सोपं आहे: मुख्य थ्रेडची नवी किंमत पोहोचेपर्यंत कंपोझिटरने शेवटची किंमत धरून ठेवायची. हे ‘धरून ठेवणं’ कुठल्या ओळीत बसवायचं हे शोधायला मात्र आठवडा जाऊ शकतो.

नव्या माणसाला एक मोह हमखास होतो: अमुक अ‍ॅनिमेशन अजून मुख्य थ्रेडवर का, सोपवू या की कंपोझिटरकडे! ब्लिंकमध्ये सोपवता न येण्याच्या कारणांची एक यादीच कोडात आहे, प्रत्येक कारणाला एक बिट. त्या यादीतलं कारण काढून टाकण्याआधी ते का आलं हे ‘गिट ब्लेम’ने (कुठली ओळ कुठल्या बदलातून आली ते दाखवणाऱ्या आज्ञेने) बघा. उदाहरणार्थ, कॅस्केडमध्ये (कुठला स्टाइल नियम जिंकतो ते ठरवणाऱ्या क्रमात) अ‍ॅनिमेशन साध्या नियमांच्या वर असतं, पण इम्पॉर्टंट नियमांच्या खाली, आणि ट्रान्झिशन सगळ्यांच्या वर. कुणी स्टाइलशीटमध्ये ओपॅसिटीला इम्पॉर्टंट लावलं असेल तर अ‍ॅनिमेशनने हरायला हवं. कंपोझिटरला कॅस्केड माहीतच नसतो, तो दिलेला वक्र चालवत राहतो. एकाच गुणधर्मावर दोन अ‍ॅनिमेशन्स असतील आणि त्यातलं एकच सोपवलं जाण्यासारखं असेल, तर दोन्ही मुख्य थ्रेडवर राहिलेली बरी.

माझा स्वतःचा एक पॅच याच कारणाने मागे घेतला गेला. एक अट मला अनाठायी वाटली, काढली, माझ्या सगळ्या टेस्ट पास. दोन दिवसांनी एका पानावर लपवलेला मेनू अर्धपारदर्शक दिसू लागला. अट ज्या बगसाठी आली होती त्याचा क्रमांक कमिट संदेशात होता. मी तो उघडून बघितला नव्हता, एवढंच.

पाचवी पायरी: पहिला पॅच इंटरपोलेशनमध्ये शोधा

वेळेच्या आणि कंपोझिटरच्या कोडात पहिल्याच दिवशी हात घालू नका. वाचा जरूर, पण पहिला पॅच इंटरपोलेशनमध्ये करा: ‘अमुक गुणधर्म अ‍ॅनिमेट होत नाही’ किंवा ‘मधली किंमत चुकते’. आवाका लहान असतो, आणि बरोबर काय हे स्पेसिफिकेशनमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं.

प्रत्येक सीएसएस गुणधर्माच्या तक्त्यात अ‍ॅनिमेशनचा प्रकार दिलेला असतो. संगणित किमतीनुसार असेल तर मधल्या किमती काढायच्या. डिस्क्रीट असेल तर अर्ध्यावर एकदम पालटायचं. ब्लिंकमध्ये गुणधर्मांची एक मोठी यादी आहे, तिथे त्याला ‘इंटरपोलेबल’ म्हणून खूण करावी लागते. मग त्या प्रकारच्या किमतीचे दोन भाग करणारा वर्ग लिहायचा किंवा असलेला जोडायचा: एक भाग आकड्यांचा, ज्यांच्या मधल्या किमती काढता येतात, दुसरा भाग जो तसाच राहतो, आणि दोन्ही टोकांना जुळला नाही तर डिस्क्रीट पालट.

ट्रान्सफॉर्मचं उदाहरण जवळून बघा. ‘रोटेट 0 डिग्री’पासून ‘रोटेट 360 डिग्री’पर्यंत न्यायचं आहे. दोन्हीकडे एकच फंक्शन, त्यामुळे कोनाच्या मधल्या किमती निघतात आणि डबा पूर्ण गिरकी घेतो. हेच आधी मॅट्रिक्समध्ये बदललं तर दोन्ही टोकं एकसारखी, कारण 360 अंश फिरवलेलं मॅट्रिक्स न फिरवलेल्यासारखंच असतं. डबा जागचा हलणार नाही. म्हणून फंक्शनांच्या याद्या जुळतात तिथपर्यंत जोडीने चालायचं आणि जुळेनासं झालं की उरलेल्या भागापुरता मॅट्रिक्सचा आधार घ्यायचा. ‘सोपं करू या, सगळीकडे मॅट्रिक्सच वापरू’ अशी सुधारणा सुचली तर ही गिरकी आठवा.

मर्यादांचंही असंच. ईझिंग 0 च्या खाली आणि 1 च्या वर जाऊ शकतं, त्यामुळे विड्थ ऋण येऊ शकते. ती शून्यावर आणायचीच, पण अगदी शेवटी. आधीच आणली आणि मग त्यावर दुसऱ्या अ‍ॅनिमेशनची किंमत ‘अ‍ॅड’ झाली तर बेरीज चुकते: ऋण 20 अधिक 50 म्हणजे 30, पण मधेच शून्य केलं तर 50.

सहावी पायरी: टेस्ट आधी, आणि ती नापास होताना बघा

वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स हा सगळ्या इंजिनांचा सामायिक संच आहे. तुमची टेस्ट शक्यतो तिथेच लिहा, म्हणजे ती उद्या दुसऱ्या इंजिनातही धावेल. इंटरपोलेशनसाठी तिथे तयार साधन आहे: गुणधर्म, कुठून, कुठे, आणि ऋण 0.3 पासून 1.5 पर्यंत वेगवेगळ्या प्रगतीला काय अपेक्षित ते द्यायचं.

ते साधन आतून काय करतं हे बघण्यासारखं आहे. घड्याळाची वाट बघायचीच नाही म्हणून अ‍ॅनिमेशन 100 सेकंदांचं, पॉज केलेलं आणि डिले ऋण 50 सेकंद. म्हणजे ते कायम बरोबर मध्यावर गोठलेलं. मग हवी ती प्रगती कशी आणायची? ईझिंगने. क्यूबिक बेझिअरचे दोन नियंत्रण बिंदू (0, य) आणि (1, य) घेतले तर मध्यावर आडवी किंमत 0.5 येते आणि उभी किंमत 0.75 गुणिले य, अधिक 0.125. हवी ती प्रगती त्याच्यासमोर ठेवली की य निघतो. ऋण प्रगतीही मिळते, 1 च्या वरचीही, कारण बेझिअरमध्ये 0 ते 1 चं बंधन फक्त आडव्या अक्षाला आहे. कुणी सुचवलं असेल ते ठाऊक नसलं तरी हात जोडावेसे वाटतात.

तुमच्या टेस्टमध्ये ‘सेटटाइमआउट’ दिसला तर तो काढा. टेस्टच्या मशीनवर एकाच वेळी पुष्कळ काही चालू असतं. तिथे 50 मिलिसेकंद थांबून ‘आता अ‍ॅनिमेशन अर्ध्यावर असेल’ असं मानणं म्हणजे अधूनमधून नापास होणारी टेस्ट जन्माला घालणं. ‘रेडी’साठी थांबा, वेळ हाताने लावा आणि अ‍ॅनिमेशन इतकं लांब ठेवा की टेस्ट चालू असताना ते संपणारच नाही. वेळांची तुलना करताना थेट समानता नको, छोटी सूट ठेवा. वेब अ‍ॅनिमेशन्सच्या टेस्टमध्ये ती 0.0005 मिलिसेकंद आहे.

दोन इंजिनांची उत्तरं वेगळी आली आणि स्पेसिफिकेशन संदिग्ध वाटलं, तर कोड थांबवा आणि सीएसएस वर्किंग ग्रुपच्या गिटहबवर प्रश्न टाका. तुमचं इंजिन बरोबर असेल असं गृहीत धरू नका.

सातवी पायरी: सुधारणा करताना स्क्रिप्टची भीती बाळगा

जुना कोड नीटनेटका करायला घेतलात तर एक प्रश्न दर ओळीला विचारा: इथे पानाची स्क्रिप्ट चालू शकते का? दर फ्रेमला आधी टाइमलाइन्स पुढे सरकतात, मग प्रॉमिस पूर्ण होतात, मग ‘अ‍ॅनिमेशनएंड’सारखे इव्हेंट जातात, आणि त्यानंतर ‘रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम’ची फंक्शनं. इव्हेंटच्या हँडलरमध्ये पान सगळी अ‍ॅनिमेशन्स रद्द करू शकतं किंवा आख्खी आयफ्रेम (पानातलं पान) काढून टाकू शकतं. तुम्ही त्याच वेळी मूळ यादीवरून फिरत असाल तर पायाखालची फळी गेली. यादीची प्रत घेऊन फिरा आणि प्रत्येक वळणावर वस्तू अजून जिवंत आहे का ते तपासा. सी प्लस प्लसमध्ये ही चूक नुसता क्रॅश नसते, सुरक्षेचं भोक असतं.

मेमरीचंही बघा. माऊस हलला की दर वेळी ‘फॉरवर्ड्स’ फिलचं नवं अ‍ॅनिमेशन सुरू करणारी पानं असतात. संपलेली अ‍ॅनिमेशन्स किंमत धरून बसतात आणि ढीग वाढत जातो. म्हणून, नंतरच्या संपलेल्या अ‍ॅनिमेशनने पूर्ण झाकलेलं संपलेलं अ‍ॅनिमेशन इंजिन आपोआप काढून टाकतं. कुणाला ते टिकवायचं असेल तर ‘पर्सिस्ट’ आहे. या कोडाला हात लावलात तर ढीग वाढत नाही ना हे मोजून बघा.

आणि नीटनेटकेपणाचा पॅच वेगळा, वागणं बदलणारा पॅच वेगळा. दोन्ही एकत्र पाठवले तर रिव्ह्यू करणाऱ्याला काय बघायचं तेच कळत नाही, आणि काही मोडलं तर चांगला अर्धाही मागे घ्यावा लागतो.

आठवी पायरी: पाठवा, आणि दोन दिवस लक्ष ठेवा

बग पूर्वी नव्हता असं कळलं तर तो कधी आला ते शोधा. फायरफॉक्ससाठी मोझरिग्रेशन आहे, क्रोमियममध्येही जुनी बिल्डं उतरवून मधोमध तपासत जाणारी स्क्रिप्ट आहे. 1000 बदलांमधला एक दोषी दहाएक पावलांत सापडतो. त्याचा क्रमांक पॅचच्या संदेशात लिहा. काय बदललं ते कोड सांगतोच, का बदललं ते तुम्ही लिहा. तो संदेश पुढच्या ‘गिट ब्लेम’वाल्यासाठी आहे.

पॅच आत गेल्यावर बॉट्सकडे (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या मशीन्सकडे) बघत राहा. मागे घेतला गेला तर मनाला लावून घेऊ नका, कारण विचारा, टेस्ट वाढवा, परत पाठवा. आपल्या डब्यासाठी दोन टेस्ट पाठवायच्या आहेत: एक पॉज करून 1300 ला किंमत बघणारी, तिन्ही दिशांमध्ये, आणि दुसरी चालू अ‍ॅनिमेशन संपताना चित्र ताडणारी. दुसरी लिहायला जास्त त्रास होईल. रिव्ह्यू करणारा आधी तीच उघडेल.